पीस लिली सावलीत ठेवली, पानं उदंड आली. फुलं कधी येणार?

अंगणवेल
मंडळी, एकाच झाडाबद्दल विचारायचंय. पीस लिली घरी आणली तेव्हा तिच्यावर छान पांढरी फुलं होती. महिनाभर टिकली, मग हळूहळू हिरवट होत गेली आणि सुकली. त्याला आता वर्ष उलटून गेलं. झाड आणलं त्याच्या दुप्पट झालंय, पानं गडद हिरवी आणि तुकतुकीत आहेत, कीड नाही. फुलाचा मात्र पत्ता नाही.

देणाऱ्याने सांगितलं होतं, "सावलीचं झाड आहे, ऊन दाखवू नका." म्हणून दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवलंय. पाणी वेळच्या वेळी देते, पानं पुसते. नुसती पानंही सुरेख दिसतात, पण हे झाड मी आणलं ते त्या फुलासाठी. खत कमी पडतंय का? कुंडी मोठी हवी का? की हे एकदाच फुलणारं झाड आहे? ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं फुलतंय त्यांनी कृपया तपशिलात लिहा.

शेवाळ
+१. अगदी हाच प्रश्न घेऊन आले होते. वाचते आहे.

हिरवाचाफा
एकदाच फुलतं असं मुळीच नाही. नीट सांभाळलं तर दरवर्षी येतात, काही झाडांना वर्षातून दोनदाही येतात. तुमच्या वर्णनावरून नत्र जास्त आणि पोटॅश कमी पडतंय असं वाटतं. नत्र जास्त झालं की झाड पानांच्याच मागे लागतं. फुलझाडांचं पाण्यात विरघळणारं खत मिळतं, ते द्या. पण पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याहून कमी, आणि तेही दीड-दोन महिन्यांतून एकदाच. या झाडाची भूक थोडी असते.

मूळाक्षर
अंगणवेल, खताकडे वळण्याआधी एक सांगा. कपाटापासून खिडकी किती लांब आहे? आणि झाडाजवळ बसून दिवसा दिवा न लावता वाचता येतं का?

अंगणवेल
खिडकी समोरच्या भिंतीला आहे, दहा-बारा फूट लांब. वाचता येतं, पण फार वेळ नाही. ढगाळ असेल तर दिवा लावावाच लागतो.

मूळाक्षर
मग उत्तर सापडलं असं मला वाटतं. जरा सविस्तर लिहितो, कारण या झाडाबद्दलचा हा गैरसमज मी फार घरांत पाहिलाय.

"सावलीचं झाड" म्हणजे थेट ऊन न सोसणारं झाड. अंधार आवडणारं झाड असा त्याचा अर्थ कुणीतरी कधीतरी लावला आणि तोच पुढे चालत आला. अंधार आवडणारं हिरवं झाड जगात नाही. पीस लिली मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण, ओल्या जंगलांतली. काही थोड्या जाती आग्नेय आशियाकडच्या बेटांवरही आहेत. तिथे ती मोठ्या झाडांखाली, ओढ्यांच्या काठाने वाढते.

आता त्या जंगलातल्या सावलीचा हिशोब करू. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर तो १ लाख लक्सच्या आसपास असतो. घनदाट वर्षावनात त्यातला जेमतेम १-२ टक्के जमिनीपर्यंत पोचतो, म्हणजे १ ते २ हजार लक्स. ओढ्याकाठी, जिथे वरचं छत थोडं फाटलेलं असतं, तिथे याहून बराच जास्त. आणि आपल्या खोलीत खिडकीपासून दहा-बारा फुटांवर? बहुतेक घरांत शे-दोनशे लक्ससुद्धा भरत नाही. आपल्याला ते जाणवत नाही कारण डोळ्याची बाहुली अंधारात मोठी होते आणि मेंदू जुळवून घेतो. पानाला असं काही करता येत नाही. ज्याला आपण "छान सावलीचा कोपरा" म्हणतो तो जंगलातल्या सावलीच्या मानाने तिन्हीसांजेसारखा असतो.

एवढ्या उजेडात पीस लिली मरत नाही, हा तिचा मोठा गुण. आहे त्या शिदोरीत ती पानं सांभाळते, नवीन पानही काढते. पण फूल म्हणजे झाडाचा जास्तीचा खर्च. लांब दांडा, त्यावर कणीस, त्याच्यामागे ते मोठं पांढरं पान. रोजचं भागून शिल्लक राहिली तरच झाड तो करतं. खत ही शिल्लक देत नाही. ती फक्त उजेडातून येते.

एक सोपी चाचणी आहे. लख्ख दिवशी दुपारी झाडाच्या पानांच्या उंचीवर पांढरा कागद धरा आणि त्याच्या फूटभर वर हात धरा. सावलीच पडली नाही किंवा नुसता करडा डाग दिसला, तर तिथे झाड फक्त तग धरेल. हाताचा आकार कळतोय पण बोटांच्या कडा विरलेल्या दिसतात, तर तीच जागा फुलांची. कडा चाकूने कापल्यासारख्या स्पष्ट असतील तर ते थेट ऊन, पानं करपतील.

दवबिंदू
ही चाचणी आत्ताच सगळ्या खोल्यांत फिरून केली. घरात सगळ्यात उत्तम जागा निघाली ती जिन्याच्या वळणावरची, जिथे आजवर एकही कुंडी ठेवलेली नाही. उद्यापासून तिथे झाडांची रांग लागणार, घरच्यांना पूर्वसूचना दिली आहे. :)

पाणकणीस
मूळाक्षर, थोडं असहमत. आमच्या घरी पीस लिली न्हाणीघरात आहे आणि तिथे ती बाराही महिने सुखात असते, फुलतेसुद्धा. ऊन तिने पाहिलेलंच नाही. मला वाटतं उजेडापेक्षा दमट हवा जास्त महत्त्वाची. त्या जंगलातही हवा दमटच असणार ना?

मूळाक्षर
दमट हवा तिला नक्की आवडते, तुमचं तेवढं बरोबरच आहे. पण न्हाणीघराला खिडकी आहे का, आणि काच कशी आहे?

पाणकणीस
खिडकी आहे, चांगली मोठी. दुधी काच. झाड तिच्या शेजारच्या फळीवर असतं. अच्छा! म्हणजे दुधी काचेतून दिवसभर गाळलेला उजेड मिळतोय तिला. आत्ता कागद धरून पाहिला, तुम्ही म्हणता तशीच विरलेल्या कडांची सावली पडते. मुद्दा मान्य. पण दमटपणाचाही वाटा आहे, यावर मी ठाम आहे. :)

बोका
अवांतर: झाड खिडकीशी हलवायच्या आधी घरात मांजर असेल तर विचार करा. आमच्याकडे खिडकीची मालकी मांजराकडे आहे, आम्ही नुसते भाडेकरू. पीस लिली मांजरांना विषारी असते ना?

निरगुडी
बोका, हा प्रश्न अवांतर नाही, महत्त्वाचा आहे.

पीस लिली अळू-सुरणाच्या कुळातली. अळूसारखेच तिच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजराने किंवा कुत्र्याने पान चावलं की ते तोंडात टोचतात. मग लाळ गळते, ते पंजाने तोंड चोळतं, खाणं टाकतं, कधी उलटी करतं. त्रास होतो, पण तोंड लगेच चुरचुरल्यामुळे प्राणी सहसा जास्त खात नाही. तोंड पाण्याने पुसून घ्यावं, सूज किंवा श्वासाचा त्रास दिसला तर ताबडतोब पशुवैद्य. लहान मुलांच्याही हाताला लागणार नाही असं ठेवा.

मात्र खऱ्या लिली, म्हणजे कंदातून येणाऱ्या आणि मोठी कर्ण्यासारखी फुलं देणाऱ्या, तसंच डे लिली, ही मांजरांच्या बाबतीत वेगळी आणि भयंकर गोष्ट आहे. त्यांचं पान, फूल, अंगावर पडून चाटले गेलेले परागकण, एवढंच काय फुलदाणीतलं पाणीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. मांजराच्या घरात त्या आणूच नयेत.

बोका
धन्यवाद निरगुडी. मग पीस लिली टांगत्या कुंडीत, उडी पोचणार नाही अशा उंचीवर.

चंद्रकोर
मला मुळात एक कळत नाही. फूलच येत नाही, तर आणताना इतकी फुलं कशी असतात? रोपं तर अगदी लहान असतात. तिथल्या उजेडाचीच करामत का?

हिरवाचाफा
ग्रीनहाउसमध्ये उजेड, ओलावा, खत सगळं मापात असतं, म्हणून.

मूळाक्षर
हिरवाचाफा म्हणतात ते खरं, पण अर्धंच. विक्रीसाठी वाढवलेल्या बहुतेक पीस लिलींवर जिबरेलिक ॲसिडचा फवारा दिलेला असतो. हे वनस्पतींचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे. तो दिल्यावर साधारण तीन महिन्यांत फुलं येतात, एरवी जी कोवळी झाडं फुलण्याच्या वयातही नसतात त्यांनासुद्धा. त्यामुळे सगळी रोपं एकाच वेळी फुललेली विकायला ठेवता येतात.

या संप्रेरकाचा शोध मोठा रंजक आहे. जपानमध्ये भातशेतीत एक रोग पडायचा. रोपं वेड्यासारखी उंच वाढायची आणि आडवी पडायची. १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवलं की त्यामागे एक बुरशी आहे आणि ती जो पदार्थ सोडते त्यानेच रोपं अशी ताडमाड होतात. १९३५ साली तेइजिरो याबुता यांनी बुरशीच्या नावावरून त्या पदार्थाला जिबरेलिन म्हटलं. पुढे कळलं की वनस्पती स्वतःच्या अंगात हे संप्रेरक तयार करतात.

म्हणजे अंगणवेल, तुमच्याकडे आलेला पहिला बहर झाडाचा स्वतःचा नव्हता असं समजायला हरकत नाही. आता पुढचा जो येईल तो खरा तुमच्या घरचा.

शेवाळ
मग हा फवारा घरीच मारला तर? मिळतो का तो?

मूळाक्षर
मारू नका असंच सांगेन. मात्रा जरा चुकली की दांडे लांबुडके होतात, फुलं वेडीवाकडी, मुडपलेली येतात. आणि ज्या झाडाकडे शिल्लकच नाही त्याच्याकडून जबरदस्तीने फूल काढलं तर ते आणखी थकतं.

अंगणवेल
बापरे, कितीतरी नवीन कळलं. आजच चाचणी केली. कपाटाशेजारी सावली पडतच नाही. दोन खिडक्या आहेत: पूर्वेची, तिथे सकाळी थेट ऊन येतं, आणि उत्तरेची, तिथे ऊन येत नाही पण दिवसभर उजेड असतो. कुठे ठेवू?

मूळाक्षर
उत्तरेच्या खिडकीला अगदी लगटून. किंवा पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत, मध्ये पातळ पडदा टाकून. पण एकदम नको. अंधारात वाढलेली पानं रुंद आणि नाजूक असतात, अचानक जास्त उजेड मिळाला की त्यांच्यावर फिकट चट्टे उमटतात. आठवडा-दोन आठवड्यांत थोडं थोडं पुढे सरकवा.

सागरवाट
विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी हा सल्ला उलटा वाचावा. आमच्याकडे दुपारचं कडक ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं आणि गाळलेला उजेड दक्षिणेच्या. इकडे आल्यावर बागेची सगळी दिशाच बदलते.

मूळाक्षर
सागरवाट, अगदी बरोबर, धन्यवाद.

कुंडीतलेरान
उशिरा आले, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. जागा बदलली की पाण्याचं वेळापत्रकही बदलतं. अंधाऱ्या कोपऱ्यात झाड पाणी कमी पितं, माती दिवसेंदिवस ओली राहते. उजेडात आलं की तेच झाड भराभर पाणी ओढतं. त्यामुळे "आठवड्यातून दोनदा" असले नियम सोडून द्या. बोट मातीत घाला. वरचा इंचभर थर कोरडा लागला की भरपूर पाणी, खालच्या भोकांतून निथळेपर्यंत, आणि बशीत साचलेलं ओतून टाकायचं.

पीस लिली स्वतःच बोलते हे तिचं मोठं सुख आहे. तहान लागली की सगळी पानं एकदम मान टाकतात, पाहणाऱ्याला वाटावं झाड गेलं. पाणी घाला आणि दोन-तीन तासांनी पाहा, पुन्हा ताठ. पण तिला दरवेळी त्या टोकापर्यंत नेऊ नका. वारंवार असं झालं की खालची पानं पिवळी पडतात, आणि आत फुलाचा कोंब असेल तर तो सुकतो.

आणि हे विशेष लक्षात ठेवा: पानं लोंबली आहेत आणि माती ओली आहे, तर पाणी घालायचं नाही. ते मुळं कुजल्याचं लक्षण. कुंडीतून गोळा अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते, आत नुसता दोरा उरतो. वासही येतो. असा सगळा भाग स्वच्छ कात्रीने काढून नव्या, भुसभुशीत मातीत लावायचं. माझ्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (माती हलकी ठेवणारे पांढरे खनिज दाणे) आणि थोडं गांडूळखत असतं.

दवबिंदू
कुंडीतलेरान, पानांची टोकं तपकिरी होण्यावर काय करता? माझ्याकडे प्रत्येक पानाला टोकाशी कोरडी किनार येते. पाण्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

पाणकणीस
हवा कोरडी असेल. पानांवर रोज फवारा मारा.

कुंडीतलेरान
फवाऱ्याने फारसं साधत नाही असा माझा अनुभव. पानावरचं पाणी थोड्याच वेळात उडून जातं आणि हवा पुन्हा पहिल्यासारखी. चार-पाच कुंड्या एकमेकींच्या जवळ ठेवल्या तर त्यांच्यात थोडा दमटपणा टिकतो, ते बरं.

पण टोकं जळण्याचं मला जास्त वेळा दिसलेलं कारण म्हणजे क्षार. खताचे आणि पाण्यातले क्षार मातीत साठतात, पाण्याबरोबर पानात चढतात आणि टोकाशी जाऊन थांबतात, कारण तिथून पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसतात का पाहा. दिसत असतील तर दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडी मोरीत ठेवून भरपूर साधं पाणी सावकाश ओता आणि सगळं निथळू द्या.

निरगुडी
यात एक भर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि फ्लोराइडही या झाडाला बाधतं. क्लोरीन उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की बरंचसं उडून जातं. फ्लोराइड मात्र उडत नाही. काही ठिकाणी पाण्यात क्लोरीनऐवजी क्लोरामाइन घालतात, तेही असं सहज जात नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं नाही. सुपर फॉस्फेट खतातही फ्लोराइड असतं, म्हणून ते या कुंडीत नको.

जळलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही. कात्रीने पानाच्या आकारात तिरपं कापा, आणि कापताना तपकिरी भागाची अगदी बारीक कड मागे ठेवा. जिवंत हिरव्यात कापलं की तिथे नवीन तपकिरी कड येते.

चंद्रकोर
ही शेवटची युक्ती फार कामाची. वाचनखूण साठवली.

अजून एक. हे झाड घरातली हवा शुद्ध करतं म्हणून सगळीकडे नाव आहे. नासाने सांगितलंय म्हणे.

मूळाक्षर
अभ्यास खरा आहे, १९८९ चा, बी. सी. वोल्व्हर्टन यांचा. लहान बंद पेट्यांत झाडं ठेवून बेंझिन, ट्रायक्लोरोएथिलिन, फॉर्मल्डिहाइड यांसारखे वायू सोडले होते आणि ते किती कमी होतात हे मोजलं होतं. पीस लिली त्या यादीत होती. पण घर म्हणजे बंद पेटी नव्हे, दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला. हवेच्या नेहमीच्या येण्याजाण्याने जेवढी सफाई आपोआप होते तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील असा निष्कर्ष निघाला.

मला यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसत नाही. झाड सुंदर आहे आणि आपल्याला त्याची काळजी घ्यावीशी वाटते, ते घरात असायला एवढं कारण भरपूर झालं.

दवबिंदू
दर चौरस मीटरला हजार झाडं! मग माणसांनी अंगणात राहायला जायचं. :D

हिरवाचाफा
सावलीत फुलणाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर आफ्रिकन व्हायोलेटला विसरू नका. माझ्या मते घरात फुलणाऱ्या झाडांत तीच पहिली. टेबलावर मावते आणि उजेड नीट मिळाला तर वर्षातले बहुतेक महिने फुलते.

ती टांझानियाच्या उसांबारा डोंगरांतली. १८९२ साली वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अधिकाऱ्याने ती युरोपात पाठवली. त्याच्याच नावावरून सेंटपॉलिया हे नाव पडलं. आता शास्त्रज्ञांनी तिला स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत घातलंय, पण झाडं सांभाळणारे अजून जुनंच नाव घेतात.

तिची लव असलेली पानं म्हणजे तिचं सौंदर्य आणि तिचा नाजूकपणाही. गार पाणी पानावर पडलं की पिवळट पांढरे डाग उमटतात ते कायमचे. खोलीच्या तापमानाचं पाणी द्यायचं, आणि तेही खालून. मी वात लावते: नायलॉनची जाडसर दोरी कुंडीच्या भोकातून मातीत आणि दुसरं टोक पाण्याच्या डब्यात. सुती दोरी कुजते, ती नको. माती हलकी हवी, परलाइट भरपूर, नाहीतर वात सतत ओलावा चढवत राहते आणि मुळं गुदमरतात. कुंडी लहानच ठेवायची, झाडाच्या पसाऱ्याच्या साधारण एक तृतीयांश.

शेवाळ
व्हायोलेट पानापासून लागते हे खरं का?

हिरवाचाफा
हो, आणि त्यासारखा आनंद नाही! मधल्या वर्तुळातलं तरुण, निरोगी पान देठासकट घ्यायचं. देठ इंच-दीड इंच ठेवून तिरपा काप द्यायचा आणि ओलसर हलक्या मिश्रणात देठाचं टोक जेमतेम खोचायचं. वर पारदर्शक पिशवी किंवा डबा. दोन-तीन महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पिल्लं वर येतात. एका पानाला अनेक. ती पुरेशी मोठी झाली की वेगवेगळी करायची.

फुलांवर मधोमध रंगीत पट्टे असलेल्या ज्या जाती असतात, त्या मात्र पानापासून सहसा हुबेहूब येत नाहीत. त्यांचे वेगवेगळे पेशीथर वेगवेगळ्या रंगाचे असतात आणि पानातून उगवलेल्या पिल्लात तो मेळ टिकत नाही. त्या वाढवायच्या तर बाजूचे फुटवे घ्यावे लागतात.

सागरवाट
घरात खिडकीच नीट नसेल तर? आमचं सध्याचं घर तसं आहे.

हिरवाचाफा
एलईडी दिवा. साधा पांढरा, चांगला प्रखर, झाडापासून फूटभर वर, रोज १२ ते १४ तास. व्हायोलेट त्याच्याखाली खिडकीपेक्षाही छान फुलते. पण रात्री बंद करायचा, तिला रोज आठेक तास अंधार लागतो. पीस लिलीलाही हाच दिवा चालेल.

बोका
व्हायोलेट मांजरांना चालते का? पुन्हा तोच प्रश्न, पण घरमालकांना विचारल्याशिवाय काही आणता येत नाही.

निरगुडी
चालते. आफ्रिकन व्हायोलेट मांजरांना आणि कुत्र्यांना विषारी नाही. त्यांनी कुंडी पाडली तर मात्र तुमची जबाबदारी. :)

अंगणवेल
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा इतका रंगेल असं वाटलं नव्हतं. झाड हळूहळू सरकवत उत्तरेच्या खिडकीशी नेलंय. मातीवर पांढरी पुटं होती, तीही धुऊन काढली. आता पाहते काय होतं ते.

अंगणवेल
धागा वर काढतेय. मधे बरेच महिने गेले, लिहायचं राहून गेलं. नवी पानं आधीच्यांपेक्षा आखूड देठाची आणि ताठ येताहेत, झाड जास्त गच्च दिसतंय. आणि आज एक वेगळंच काहीतरी दिसलं. एका पानाच्या देठाला खाली जी खोबण असते, तिथून एक कोंब डोकावतोय. नवीन पान नेहमी घट्ट गुंडाळलेल्या सुरळीसारखं, टोकदार आणि पोपटी येतं. हा जाडसर आहे, मधे फुगीर, आणि रंग फिका. फोटो डकवलाय. पान आहे की फूल?

कुंडीतलेरान
फूल! ती फुगवटी पाहा, आत कणीस आहे त्याची. पानाच्या सुरळीला असं पोट नसतं.

मूळाक्षर
फूलच आहे. अभिनंदन अंगणवेल! आता उमलेपर्यंत माती कोरडीठाक होऊ देऊ नका आणि कुंडीची जागा बदलू नका.

पूर्ण उघडल्यावर जवळून नक्की बघा. पांढरी पाकळी दिसते ती पाकळी नाहीच, ते रूप बदललेलं पान आहे, वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुलं मधल्या कणसावर, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, एकमेकांना खेटून बसलेली असतात. काही दिवसांनी त्यावरून पांढरी भुकटी खालच्या पानांवर पडेल. ती बुरशी नाही, पराग आहेत. महाछद पुढे हिरवा होतो, आणि मग पानासारखाच अन्न तयार करायला लागतो.

दवबिंदू
वा! जिन्याच्या वळणावरच्या माझ्या लिलीलाही दोन आली आहेत, सांगायचं राहूनच गेलं होतं.

शेवाळ
दोघींचं अभिनंदन. माझी अजून रुसलेलीच आहे, पण खिडकीशी नेऊन थोडेच दिवस झालेत. एक शंका: तिची कुंडी मुळांनी गच्च भरलीय, पाणी घातलं की सरळ खाली निघून जातं. मोठ्या कुंडीत हलवू, की झाडाचे भाग करू? फुलायच्या आधी हात लावला तर चालेल का?

कुंडीतलेरान
थोडी दाटी तिला आवडते, पण पाणी मातीत न थांबता निघून जातंय म्हणजे दाटी हद्दीबाहेर गेली. कोंब दिसत नसेल तर आत्ता हात लावायला हरकत नाही. कोंब दिसत असेल तर बहर संपेपर्यंत थांबा आणि तोवर कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसवून पाणी द्या.

फुलं लवकर हवी असतील तर भाग करू नका, एकाच मापाने मोठी कुंडी घ्या. फार मोठी घेतली तर उरलेल्या मातीत पाणी साचून राहतं. भाग करायचेच असतील तर आदल्या दिवशी पाणी द्या, गोळा बाहेर काढा आणि फुटवे हातानेच सुटे करा. प्रत्येकाला स्वतःची मुळं आणि निदान तीन-चार पानं हवीत. जिथे हाताने सुटत नाहीत तिथे स्वच्छ सुरी. पूर्वी मातीत जेवढे खोल होते तेवढेच लावा. आठवडाभर पानं मलूल राहतील, तेव्हा उजेड जरा कमी ठेवा. आणि निदान दीड-दोन महिने खत बिलकुल नको.

शेवाळ
कोंब नाही, नीट तपासलं. मग एक माप मोठी कुंडी. उद्याच करते.